हेल्मेट डोक्यावर आहे, पण डोक्याला बसले आहे का?

मोटारसायकल शर्यतीच्या मार्गावर स्वाराला थेट सोडले जात नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग असो, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे असो किंवा ग्रेटर नोइडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, गाडी आधी तपासणीसाठी थांबते. टायर पाहिले जातात, ब्रेक दाबून पाहिले जातात, कुठे तेल गळत नाही ना याची खात्री केली जाते. हेल्मेट हातात घेऊन आतून-बाहेरून तपासले जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत तर आणखी एक अगदी साधी चाचणी आहे. स्वाराने हेल्मेट घालायचे, हनुवटीखालचा पट्टा बांधायचा आणि मान खाली घालायची. मग मागच्या बाजूने हेल्मेटची कड वर उचलून ते पुढच्या बाजूने डोक्यावरून निघते का, हे पाहायचे. निघाले तर ते हेल्मेट त्या स्वारासाठी बाद. मग त्याची किंमत कितीही असो.

आता आपल्या शहरातला सकाळचा चौक डोळ्यांसमोर आणावा. सिग्नलच्या पन्नास मीटर आधी कोपरात अडकवलेले हेल्मेट डोक्यावर चढते. पट्टा तसाच लोंबकळत राहतो. वाहतूक पोलीस लांबून पाहतो, डोक्यावर काहीतरी गोल दिसते, गाडी पुढे जाते. चौक ओलांडला की हेल्मेट पुन्हा आरशावर. पावती वाचली, एवढाच त्याचा उपयोग. अपघात झालाच तर असे हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून बाजूला पडते आणि दुसरा धक्का उघड्या डोक्याला बसतो.

शर्यतीच्या जगातून सामान्य दुचाकीस्वाराने बरेच काही उचलले. वेग उचलला, सायलेन्सरचा आवाज उचलला, गाडीवर चिकटवायची चित्रे उचलली. जे उचलायला हवे होते ते मात्र राहून गेले: डोक्याला नीट बसणारे हेल्मेट, पकड शिल्लक असलेला टायर आणि ब्रेक लावण्याचा सराव. या तिन्ही गोष्टी शौकिनांच्या नाहीत. दूध आणायला, मुलाला शाळेत सोडायला किंवा शेतावर जायला निघालेल्या माणसालाही त्यांची तितकीच गरज आहे.

शर्यतीतून आलेले हेल्मेट

हेल्मेट हा मुळात शर्यतीच्या मार्गावर काम करणाऱ्या एका डॉक्टरच्या निरीक्षणातून आलेला उपाय आहे. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या मार्गावर डॉ. एरिक गार्डनर वैद्यकीय अधिकारी होते. पडणाऱ्या स्वारांच्या डोक्याला वारंवार इजा होते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कॅनव्हास आणि लाख वापरून कडक टोपीसारखे हेल्मेट बनवून घेतले आणि शर्यतींच्या संघटनेकडे पाठपुरावा केला. १९१४ च्या ‘आइल ऑफ मॅन टीटी’ या प्रसिद्ध शर्यतीत ते सक्तीचे झाले.

रस्त्यावरच्या सामान्य स्वारापर्यंत हा धडा पोहोचायला मात्र फार काळ गेला. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या इजेने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने कामावरच्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकासाठी सक्ती आली ती १९७३ मध्ये. म्हणजे केर्न्स यांच्या लेखानंतर बत्तीस वर्षांनी आणि गार्डनर यांच्या प्रयत्नानंतर जवळपास साठ वर्षांनी.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की, आपल्याकडे हेल्मेटवरचा वाद अजून ‘घालायचे की नाही’ याच पायरीवर अडकलेला आहे. पुण्यासारख्या शहरात तर सक्तीचा प्रत्येक प्रयत्न वादात सापडला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे दिवसाला दोनशेहून अधिक. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. उरलेल्या सुमारे पंचवीस हजार जणांविषयी हा अहवाल फारसे काही सांगत नाही. त्यांतले अनेक जण छाती, पोट किंवा ओटीपोटाच्या हाडांच्या इजेने गेले असणार, तिथे हेल्मेटचा इलाज चालत नाही. पण पट्टा न लावल्याने किंवा हेल्मेट सैल असल्याने ते निघून गेले, असे किती? ही मोजणीच होत नाही. जे मोजले जात नाही त्यावर उपायही होत नाही.

पाच मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटर

‘मी कुठे जोरात चालवतो, तीसच्या वेगाने तर जातो,’ हा हेल्मेट न घालणाऱ्याचा नेहमीचा युक्तिवाद. त्यात एक गफलत आहे. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. उभी गाडी कलंडली आणि माणूस नुसता आडवा पडला, तरी त्या उंचीवरून डोके रस्त्यावर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर असतो. गाडीचा वेग शून्य असला तरीही.

इजा किती होणार, हे डोके किती अंतरात थांबते यावर ठरते. ढोबळ गणित सोपे आहे. दीड मीटरवरून आलेले डोके जर पाच मिलिमीटरांत थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ३०० पट धक्का येतो. तेच डोके पंचवीस मिलिमीटरांत थांबले तर धक्का ६० पटींवर येतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो, तो हे वीस मिलिमीटर मिळवून देण्यासाठी असतो. तो चेपला जातो, फुटतो आणि धक्का स्वतःकडे घेतो. बाहेरचे कडक कवच धक्का पसरवते आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. मऊ कापडी अस्तर फक्त आरामासाठी आणि हेल्मेट जागेवर राहावे म्हणून असते.

एवढे समजले की बाकीच्या गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. ज्या हेल्मेटमध्ये तो थर्माकोलचा थर नाहीच, ते प्लास्टिकची टोपी आहे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी आतला थर चेपलेला असतो, त्यामुळे ते बदलावे लागते. आरशावर हेल्मेट अडकवून ठेवण्याची सवय आतल्या थराला हळूहळू खड्डा पाडते. पेट्रोल, थिनर यांसारख्या द्रवांनी ते पुसणे किंवा घरी रंगवणे कवचाला आणि थराला हानी करू शकते. घाम आणि ऊन यांनीही साहित्य जुने होते, म्हणून रोज वापरातले हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावे, असा सल्ला दिला जातो.

कवटी थांबली तरी तिच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू लगेच थांबत नाही. तो पुढे जाऊन कवटीवर आदळतो, पिळला जातो, त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. म्हणूनच बाहेर खरचटलेलेही नसताना माणूस बेशुद्ध असू शकतो. कधी कवटीच्या आत रक्तस्राव होतो. माणूस उठून बसतो, बोलतो, ‘काही झाले नाही’ म्हणून घरी जातो आणि काही तासांत गुंगीत जातो. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा एका बाजूची शक्ती कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हेल्मेटचा फायदा किती, याचे उत्तरही उपलब्ध आहे. जगभरातील अभ्यास एकत्र करणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार, हेल्मेटमुळे अपघातात सापडलेल्या मोटारसायकलस्वारांचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. रस्ते सुरक्षेच्या फार थोड्या उपायांमागे इतका भक्कम पुरावा आहे. ‘हेल्मेटमुळे मान मोडते’ या समजुतीला असा आधार मिळालेला नाही.

माप गाडीचे नव्हे, डोक्याचे

चप्पल घेताना माणूस चार पावले चालून पाहतो. हेल्मेट मात्र रंग पाहून घेतले जाते किंवा गाडीबरोबर जे मिळाले ते घातले जाते. घरातले एकच हेल्मेट वडील, मुलगा आणि सून आळीपाळीने वापरतात. तिघांच्या डोक्यांचे माप एक नसते.

माप घेणे अवघड नाही. शिवणकामाची टेप भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. येणारा आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावा आणि हेल्मेटच्या आत किंवा खोक्यावर लिहिलेल्या मापाशी जुळवावा. आपल्याकडे ते बहुधा ५८० किंवा ६०० असे मिलिमीटरमध्ये छापलेले असते. घेर जुळला तरी डोक्याचा आकार वेगळा असू शकतो. कुणाचे डोके गोलसर, कुणाचे पुढून-मागे लांबट. त्यामुळे दोन कंपन्यांची एकाच मापाची हेल्मेटे एकाच माणसाला सारखी बसत नाहीत. कपाळावर एका जागी टोचत असेल आणि बाजूंना मोकळे असेल, तर तो आकार त्या डोक्याचा नव्हे.

दुकानातच चार गोष्टी करून पाहाव्यात. नवे हेल्मेट घालताना किंचित घट्ट वाटले पाहिजे आणि गाल थोडे आत दाबले गेले पाहिजेत. अस्तर वापराने दबते, त्यामुळे पहिल्या दिवशी ऐसपैस वाटणारे हेल्मेट दोन महिन्यांत सैल होते. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवावे; कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे, हेल्मेट एकटे फिरता कामा नये. पट्टा आणि हनुवटीखालची जागा यांत एक-दोन बोटांपेक्षा अधिक अंतर नको. शेवटी शर्यतीच्या मार्गावरची ती चाचणी: मान खाली, मागची कड वर. हेल्मेट डोळ्यांवर येऊन निघू लागले तर ते परत ठेवावे. हे सगळे झाल्यावर दहा मिनिटे तसेच घालून बसावे. एखाद्या जागी दुखू लागले तर दुसरा आकार पाहावा. या पंधरा मिनिटांत दुकानदार कंटाळला तरी चालेल.

महाराष्ट्रात एक खास अडचण आहे. उन्हापासून आणि धुळीपासून बचाव म्हणून अनेक मुली व स्त्रिया चेहऱ्याभोवती स्कार्फ किंवा ओढणी घट्ट गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात. मागे गाठ किंवा वर बांधलेला अंबाडा असेल तर हेल्मेट उंचावर, नुसते टेकून बसते. स्कार्फ सोडा, असे सांगून कुणी सोडणार नाही आणि सांगण्याची गरजही नाही. पातळ सुती कापडाचा एकच वेढा घ्यावा, गाठ हेल्मेटच्या खाली मानेवर यावी, केस खाली बांधावेत आणि हेल्मेट खरेदी करतानाच स्कार्फ बांधून माप पाहावे.

दर्जाचे म्हणाल, तर १ जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेची खूण, म्हणजे आयएसआयचा शिक्का नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. तरीही रस्त्याकडेला दोनशे-तीनशे रुपयांत खोट्या शिक्क्याची हेल्मेटे सर्रास मिळतात. आत हात घालून जाड, कडक थर्माकोलचा थर आहे का आणि पट्टा ओढल्यावर टिकतो का, एवढे कुणालाही तपासता येते.

रस्त्याला टेकलेले थोडेसे रबर

रुग्णालयात येणाऱ्या अपघाताचा इतिहास अनेकदा तीन शब्दांत संपतो: ‘गाडी स्लिप झाली.’ जणू गाडी आपल्या मनाने घसरली. प्रत्यक्षात त्यामागे बहुतेक वेळा टायर, रस्ता आणि ब्रेक यांचा हिशेब चुकलेला असतो.

दुचाकीच्या प्रत्येक चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम अर्ध्या तळहाताएवढा असतो. वळणे, थांबणे, वेग घेणे ही सगळी कामे तेवढ्या रबराने करायची असतात. पकड ही महिन्याच्या ठरलेल्या पगारासारखी असते. वळण्यावर बरीच खर्च झाली की थांबण्यासाठी थोडीच उरते. म्हणून वळणात घाबरून जोरात ब्रेक लावला की चाक निसटते. शर्यतीचे स्वार वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करतात त्याचे कारण हेच. घाटात बाइक चालवणाऱ्यानेही तेच करावे.

गुळगुळीत झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालतो, म्हणून माणूस फसतो. टायरवरच्या नक्षीचे मुख्य काम पाणी बाजूला सारण्याचे आहे, आणि ते पावसाळ्यातच उघड होते. नक्षीच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलण्याची वेळ झाली. टायरच्या कडेला चार आकड्यांची एक खूण असते. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचा टायरही वर्षांनुवर्षांनी कडक होतो, कडेला बारीक भेगा पडतात आणि नक्षी शाबूत असूनही पकड कमी होते. घराखाली उभ्या असलेल्या आजोबांच्या स्कूटरबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

हवा पंधरवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. किती हवी हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ‘हवा थोडी कमी ठेवली की पकड चांगली मिळते’ हा सल्ला शर्यतीच्या मार्गावरून चुकीच्या पद्धतीने आलेला आहे. तिथे टायर फार तापतात, हवेचा दाब वाढतो, म्हणून सुरुवातीला तो कमी ठेवतात. भाजी आणायला निघालेल्या स्कूटरचा टायर तसा तापत नाही. कमी हवेने तो दबतो, वळणात डुलतो आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. नवा टायरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपूनच चालवावा, कारण त्याचा पृष्ठभाग सुरुवातीला निसरडा असतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून बनणारा थर, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रेल्वे फाटकातले रूळ यांवर नव्या टायरचाही भरवसा नसतो.

पुढच्या ब्रेकची भीती

‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटा पडशील,’ हा उपदेश घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परिणाम असा की संकटाच्या क्षणी माणूस मागचा ब्रेक कचकन दाबतो, मागचे चाक फरफटते आणि गाडी आडवी होते. ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकते. पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि त्याची पकड वाढते, मागचे हलके होते. म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो.

आकड्यांत पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. संकट दिसून बोटे ब्रेकवर दाबली जाईपर्यंत तेवढे अंतर गेलेलेच असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी सुमारे २० मीटरांत थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकने त्याच्या दुपटीहून अधिक अंतर लागते. शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. हीच गाडी ४० च्या वेगात असेल तर विचाराचे आणि ब्रेकचे अंतर मिळून वीसेक मीटरांतच प्रश्न मिटतो.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. अपघातातील बहुसंख्य स्वार स्वतःच किंवा मित्र-नातेवाइकांकडून शिकलेले होते. संकटात मागचा ब्रेक जास्त आणि पुढचा कमी वापरणे ही त्यांची ठळक चूक होती. सर्वसाधारण अपघातात स्वाराच्या हाती दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ होता. विचार करायला तो पुरत नाही. हाताला जी सवय असेल तीच बाहेर येते. अहवाल जुना आणि परदेशातला असला तरी काकांनी मैदानात स्कूटर शिकवण्याची आपली पद्धत त्याहून वेगळी नाही.

ही सवय लावता येते. रविवारी सकाळी मोकळे, कोरडे, खडी नसलेले पटांगण गाठावे. हेल्मेट, बूट आणि जाड कपडे घालून, आधी २० च्या आणि मग ३० च्या वेगाने, गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही. लिंबू पिळावे तसा दाब वाढवत न्यायचा. वळणात, वाळूवर किंवा चिखलात पुढचा ब्रेक जपूनच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आणि लहान गाड्यांना दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. एबीएस काम करू लागले की ब्रेकमध्ये थरथर जाणवते. ती पहिल्यांदा संकटातच अनुभवली तर माणूस दचकून ब्रेक सोडतो. आणि नजर? ती मोकळ्या जागेवर ठेवायची. खड्ड्याकडे टक लावून पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते, हे प्रत्येकाने अनुभवलेले असते.

मार्गावरून काय आणायचे नाही

शर्यतीचा मार्ग सुरक्षित आहे, असा याचा अर्थ नव्हे. २०११ मध्ये मलेशियातील शर्यतीत मार्को सिमोन्चेली या इटालियन स्वाराचा मृत्यू झाला, तेव्हा मागून आलेल्या गाड्यांच्या धडकेत त्याचे हेल्मेट निघून गेले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मार्गावर अवघ्या तेरा वर्षांच्या स्वाराचा जीव गेला. इतक्या कोवळ्या वयात शर्यत हवी का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारायलाच हवा.

मार्गावरचे कौशल्यही रस्त्यावर जसेच्या तसे चालत नाही. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, कुत्रा आडवा येत नाही, रिक्षा अचानक थांबत नाही, पुढे धोका असेल तर झेंडा दाखवला जातो आणि रुग्णवाहिका उभी असते. शर्यतीचे नक्षी नसलेले टायर तापल्याशिवाय पकड देत नाहीत, ओल्या रस्त्यावर तर मुळीच नाही. गुडघा टेकवून वळण घेण्याची कला लोणावळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात दाखवणाऱ्याला समोरून येणारी एसटी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. प्रशिक्षणाने आत्मविश्वास वाढतो, कधी गरजेपेक्षा जास्त वाढतो. केवळ प्रशिक्षणाने अपघात कमी होतात, याचा पुरावा हेल्मेटच्या पुराव्याइतका भक्कम नाही. म्हणून क्रम स्पष्ट असावा: आधी वेगावर ताबा आणि डोक्याला बसलेले, पट्टा लावलेले हेल्मेट, मग टायर, मग ब्रेकचा सराव.

कायद्यात आहे, व्यवहारात नाही

यासाठी नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे करते. एवढेच नव्हे, पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असेल तेच हेल्मेट, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे पट्टा न लावलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने हेल्मेटच नव्हे. चौकातल्या तपासणीत नजर डोक्यावरून हनुवटीखाली आणली, तर कायदा आहे तसाच अमलात येईल. सुरुवातीला दंडाऐवजी गाडी बाजूला घेऊन पट्टा लावायला सांगितले, तरी पुरे.

नव्या दुचाकीसोबत प्रमाणित हेल्मेट देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. मग ते देताना ग्राहकाच्या डोक्याचे माप घ्यायला काय हरकत आहे? शोरूममध्ये एक टेप आणि तीन-चार मापांची हेल्मेटे ठेवली की काम होते.

परवान्याच्या चाचणीत ‘आठ’ काढता आला, पाय टेकला नाही, की लायसन मिळते. संकटात वाहन थांबवता येणे ही गोष्ट नियमांतल्या चाचणीच्या यादीत आहे, पण ती प्रत्यक्षात क्वचितच पाहिली जाते. ब्रिटनमध्ये मोटारसायकलच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन तातडीने थांबून दाखवावे लागते. आपल्या चाचणी मैदानांवर निदान ३० च्या वेगाने तरी ही परीक्षा घ्यावी.

चौथी जबाबदारी रुग्णालयांची आहे. अपघात विभागातल्या केसपेपरवर ‘हेल्मेट: होय किंवा नाही’ एवढीच नोंद पुरेशी नाही. पट्टा लावला होता का आणि अपघातानंतर हेल्मेट डोक्यावर होते का, हे दोन प्रश्न त्यात वाढवावेत. सोबत आलेल्या माणसाला ते विचारायला अर्धे मिनिट लागते. वर्षभराने जिल्ह्या-जिल्ह्यांतून आलेल्या उत्तरांवरून सैल हेल्मेटचा प्रश्न किती मोठा आहे, हे कळेल.

अपघात पाहणाऱ्या नागरिकांनीही एक लक्षात ठेवावे. पडलेल्या माणसाचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. मानेला इजा असेल तर तेवढ्या हालचालीने कायमचे अपंगत्व येऊ शकते. श्वास नीट चालू असेल तर काच वर करून १०८ ची वाट पाहावी. श्वासाला अडथळा असेल आणि काढणे भागच असेल, तर एकाने मान व डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने हळूहळू हेल्मेट काढावे.

हेल्मेटची सक्ती असावी की नसावी, यावर वाद घालणाऱ्यांनी तो घालत राहावा. तोवर ज्यांच्याकडे हेल्मेट आहे, त्यांनी आज घरी पोहोचल्यावर ते घालावे, पट्टा लावावा, मान खाली घालावी आणि घरातल्या कुणालातरी मागची कड वर उचलायला सांगावी. निघाले, तर उद्या दुकानात जाताना टेप बरोबर घ्यावी.